डाव्या हाताची खबर

आमच्या ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्चीत टेकल्या टेकल्या एकच वाक्य बोलायचा: नशीब म्हणायचं, डावाच हात गेला. मी सगळ्यांना चहा दिला आणि उत्तर कुणालाच दिलं नाही, कारण हातात गरम किटली असताना मी भांडत नाही. आता किटली खाली ठेवली आहे, तर सांगते. न्हाव्याचा डावा हात गेल्यावर उजव्याचं काय लोणचं घालायचं?

लोकांना जे हलताना दिसतं तेच काम करतं असं वाटतं. वस्तरा उजव्या हातात, म्हणून दाढी उजव्या हाताची. अरे बाबांनो, उजवा हात म्हणजे सही ठोकणारा साहेब. फाइल तयार करणारा कारकून डावीकडे बसतो. डावा हात गाल ताणतो, कातडी सपाट करून देतो, खुंट कुठल्या बाजूला झुकलेत ते बोटांनी चाचपतो, आणि वस्तरा फिरून गेला की मागचं सगळं तपासतो. गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून मी वर्षानुवर्षं हे पाहिलंय. आमच्या ह्यांचे डोळे खिडकीबाहेर, तोंड राजकारणात, आणि डावी बोटं गिऱ्हाइकाच्या गालावर. कधी कुणाला कापलं नाही. बोलण्याने कापलं असेल, वस्तऱ्याने नाही.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय जरा ओढत होते, ते थोड्याच दिवसांत गेलं. हातातही ताकद आली. मूठ वळायची, उघडायची. माझ्या दंडाला धरून उठले तर वळ उठायचे. पण त्या हाताची त्यांना खबर नव्हती. डोळे त्याच्यावर असेपर्यंत हात शहाणा, नजर वळली की उनाड. चहाचा कप धरून पेपरकडे बघितलं की चहा पेपरावर, आणि तो कुणी सांडला म्हणून हे माझ्याकडे बघायचे. एकदा जेवून टेबलावरून उठले. हात मागे टेबलावरचं कापड घट्ट धरून बसला होता, हे त्यांना ठाऊकच नाही. ते पुढे चालू लागले आणि मागून सगळी भांडीकुंडी निघाली. सूनबाई बिचारी काचा वेचत होती. मी म्हटलं, ह्या हाताला एक घंटा बांधा, म्हणजे कुठे भटकतोय ते तरी कळेल. हे हसले. त्या दिवसांत ते हसले की मी तो दिवस पदरात पाडून घ्यायची.

दुकानात आमच्या दोन खुर्च्या. खिडकीजवळची ह्यांची, आतली थोरल्याची. भिंतीला लागून गिऱ्हाइकांचा बाक. थोरला म्हणाला, बाबा, आता तुम्ही बाकावर बसून गप्पा मारा, आराम करा, खिडकीजवळच्या खुर्चीसाठी मी एक कारागीर बघून ठेवलाय, थंडी संपली की येईल. अगदी प्रेमाने म्हणाला. रागाने म्हणाला असता तर ह्यांना भांडता तरी आलं असतं. ह्यांनी त्याला एवढंच सांगितलं की बाकावर गिऱ्हाईक बसतं, आणि मी गिऱ्हाईक नाही. थंडी संपायच्या आत हात कामावर आला तर मी खुर्चीमागे उभा राहीन, नाहीतर दुकानाची पायरी चढणार नाही. झालं. बापलेकांत ठरलं, आणि ते पार पाडायचं माझ्या गळ्यात आलं.

दवाखान्याने व्यायाम घ्यायला एक मुलगी पाठवली. तिच्या हुद्द्याचं नाव इतकं लांब की उच्चारेपर्यंत व्यायाम संपेल. ती आल्या आल्या ह्यांची बोटं धरून बसायची, म्हणून आम्ही तिला बोटंवाली म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी तिने ह्यांना आजोबा म्हटलं आणि हे दुखावले, तर दुसऱ्या दिवसापासून काका. मला मात्र आजीच. मी ह्यांच्यापेक्षा लहान आहे, असं तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "हो आजी."

तिची परीक्षा अशी. ह्यांनी डोळे मिटायचे, तिने एक बोट धरून किंचित वर नाहीतर खाली करायचं, आणि ह्यांनी सांगायचं, वर की खाली. हे हवामानखात्यासारखे ठणकावून सांगायचे, आणि तितकंच बरोबर यायचं.

मग तिने आम्हाला समजावलं. मेंदूतून हाताला हुकूम जातो, ती वाट शाबूत आहे. पण हातातून मेंदूकडे बातमी जाते, ती वाट झटक्याने उखडली. हात काम करतो, पण कुठे पोचला, किती दाबलं, काय लागलं, ह्याचा निरोप वर येत नाही. मी म्हटलं, म्हणजे आमच्या थोरल्यासारखं. काम सांगितलं की जातो, झालं की नाही ते सांगायला परत येत नाही. थोरला तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही, म्हणजे माझं म्हणणं त्याने सिद्धच केलं.

मोठी वाट बंद पडली तर मेंदू आडवाटा शोधतो, असं ती म्हणाली. पण तो जात्याच आळशी. गरज पडल्याशिवाय शोधत नाही. हाताने काहीतरी करायचं, मेंदूने अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज चुकला की मेंदू खडबडून उठतो आणि शिकतो. सगळं सुरळीत चाललं तर झोपून राहतो. तेव्हा आजी, त्यांना चुकू द्या, असं तिने मला बजावलं. हे आमच्या घरात अवघड होतं. आमच्या घरात चुकायची पद्धतच नाही. मी आधीच सांगते.

तिच्याकडे एक कापडी पिशवी होती. आत किल्ली, बटण, बाटलीचं झाकण, कंगव्याचा तुकडा, खरखरीत कागद. डोळे मिटून डावा हात आत घालायचा आणि काय लागलं ते ओळखायचं. हे पिशवी हळूच हलवायचे आणि आवाजावरून किल्ली ओळखायचे. तिने दुसऱ्या दिवशी लाकडाची किल्ली आणली. हे म्हणाले, ही पोरगी पोलिसात हवी होती. पण हळूहळू त्यांना खरखरीत काय आणि गुळगुळीत काय एवढं कळायला लागलं. ती त्यावर अशी खूश झाली की मला वाटलं आता ती पेढे मागते. आम्हाला त्यात काही फार दिसेना. खरखरीत-गुळगुळीत तर मांजरालाही कळतं. इकडे थंडी संपत आली होती.

तेव्हा ह्यांनी फुगे आणायला सांगितले. आमच्या धंद्यात नवा हात फुग्यावर तयार करतात. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि खऱ्या ब्लेडच्या वस्तऱ्याने तो उतरवायचा. फुगा फुटला तर समजायचं की माणसाला कापलं. थोरल्याला ह्यांनी असंच शिकवलं. आता हे स्वतः बसले. घरभर फटाफट आवाज, छताला फेस, सूनबाई कानांत बोटं घालून पोळ्या लाटू शकत नाही म्हणून पोळ्या जाडजूड. शेजारीण विचारायला आली की वाढदिवस कुणाचा. आणि एके दिवशी एक फुगा शेवटपर्यंत टिकला. नितळ, लाल, बोडका. हे तो फुगा गाठीला धरून माझ्यापुढे घेऊन आले. उद्यापासून खिडकीजवळ उभा राहतो, म्हणाले.

आता मी काही गल्ल्याजवळ झोपा काढायला बसत नव्हते. मला लगेच दिसलं. फुगा आधीच ताणलेला असतो. डाव्या हाताला तिथे कामच नाही, नुसती गाठ धरून बसायची. पण ह्यांचा चेहरा त्या फुग्याइतकाच फुललेला होता, आणि त्याला टाचणी लावायची तर लावायची कुणी? बोटंवालीने लावली असती. मी नाही लावली. मी भाजी निवडत बसले आणि विचार केला. फुगा ताणलेला असतो म्हणून जमतो ना? मग गिऱ्हाइकानेच ताणून यावं. माणसाचा गाल फुगतो. देवाने ती सोय करून ठेवली आहे, ती वापरायची.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मी आमची नेहमीची गिऱ्हाइकं गाठली. रिटायर झालेले पोस्टमास्तर, कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला, समोरचा कुलूपवाला. सगळ्यांना एकच धडा दिला. वस्तरा ज्या गालावर येईल तो गाल फुगवायचा. ओठाशी आला की ओठ दातांवर ओढून घ्यायचा. हनुवटीखाली आला की मान मागे टाकून गिळतोय असं करायचं. आणि ह्यांना अक्षर कळता कामा नये. कुलूपवाल्याने विचारलं, "वहिनी, मधेच शिंक आली तर?" मी म्हटलं, तर शेजारधर्म पाळता पाळता गेला असं आम्ही सगळ्यांना सांगू.

आणि काय सांगू, जमलं. टॅक्सीवाला लाल दिव्याला थांबला की सराव करायचा. मागे बसलेल्या बाया उतरून जायच्या. पोस्टमास्तरांची कवळी गाल फुगवला की पुढे यायची, म्हणून ते ती आधी काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, आणि मग आधाराला दात नाहीत म्हणून दुप्पट हवा भरायचे. बिचाऱ्यांचे डोळे लाल व्हायचे, पण तक्रार नाही. ह्यांचा वस्तरा सरसर फिरायचा. हळूहळू त्यांची नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली, तोंड पुन्हा राजकारणात. डावा हात मात्र कधी खुर्चीच्या मानटेकूवर, कधी गिऱ्हाइकाच्या कानावर. हे समजायचे, गालावर आहे. गिऱ्हाईक गप्प. त्याच्या तोंडात हवा होती, बोलणार काय?

थोरल्याने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या कारागिराला जरा थांबायला सांगितलं. हे घरी येऊन जेवायचे, पूर्वीसारखे दोनदा वाढून घ्यायचे. मी मनात म्हणायची, दवाखान्याला जे जमलं नाही ते मी केलं.

बोटंवालीचाच काय तो हिरमोड. तिच्या परीक्षेत काही पुढे जाईना. तिने बोट वर केलं की हे खाली म्हणायचे, खाली केलं की वर. पिशवीत हात घालायला तर हे तयारच नव्हते. म्हणायचे, मी दिवसभर खऱ्या गालांवर काम करतो, तुझ्या झाकणाबटणात काय ठेवलंय? ती त्यांच्या हाताकडे बघायची, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मी तिला चहा हवा का विचारायची.

मग एक दिवस एक परका माणूस आला. हातात बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट, नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. गाल खोल गेलेले, जबड्याचं हाड वर. थोरल्याची खुर्ची भरलेली होती. ह्यांनी टॉवेल झटकला आणि परक्याला खिडकीजवळ बसवलं. ह्या माणसाला धडा द्यायला मला वेळच मिळाला नव्हता. मी त्याचा कोट खुंटीला लावायच्या निमित्ताने जवळ गेले, तर त्याच्याकडे कोटच नव्हता. फेस लागला. वस्तरा उघडला. मग मी ह्यांच्या मागे उभी राहिले, आरशात त्या माणसाची नजर पकडली, आणि माझा उजवा गाल टम्म फुगवून त्यावर बोट ठेवलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं रस्त्यात वेडं माणूस दिसल्यावर आपण बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो. मी दुसरा गाल फुगवला. त्याने डोळे मिटून घेतले. मी दोन्ही फुगवले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आरशात आणखी एक नजर माझ्यावर आहे.

ह्यांचा हात थांबला, पण जरा उशिरा. जबड्याच्या हाडावर एक बारीक लाल रेघ उमटली. फार नाही, तुरटीच्या खड्यात भागण्यासारखी. ह्यांनी तुरटी लावली, माफी मागितली. मग खाली पाहून स्वतःचा डावा हात शोधला. तो त्या माणसाच्या कॉलरला लोंबकळत होता, खुंटीला शर्ट अडकवावा तसा. गालापासून पार लांब.

त्यांनी थोरल्याला राहिलेला गाल करायला सांगितलं. वस्तरा धुतला, पुसला, मिटला, ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि मग जाऊन बाकावर बसले. गिऱ्हाइकांच्या बाकावर. आरडाओरडा केला असता तर मी परतफेड केली असती. ते बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

घरी दोन दिवस माझी वकिली चालली. मी आपली बाजू मांडली. भिंतीला मांडली, सूनबाईला मांडली, कुकरला मांडली. शेवटी जेवताना ते एवढंच म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी फुगेच करत होतो." आणि थोरल्याला सांगितलं, तुझ्या कारागिराला बोलाव. थोरला हो म्हणाला. पहिल्या तारखेला येईल म्हणाला.

बोटंवाली आली तेव्हा सूनबाईने तिला सगळं सांगून टाकलं. गरीब दिसते, पण वेळ आली की काही ठेवत नाही. मी रागावणं ऐकायला तयार बसले होते. पोरगी आधी तोंडाला ओढणी लावून हसली, चांगली पोट धरून. मग डोळे पुसून म्हणाली, "आजी, शिकायचं होतं हाताने. तुम्ही शिकवलंत गालांना." तिचं म्हणणं असं की ह्यांचा मेंदू इतके दिवस एकदाही चुकला नाही, कारण चूक होऊच दिली नाही. अंदाज बांधला, बरोबर आला, झोप. त्या परक्याच्या जबड्यावरची रेघ ही त्याला मिळालेली पहिली खरी बातमी. आता ती वाया घालवू नका. पहिल्या तारखेला अजून अवकाश आहे. वस्तऱ्यातलं ब्लेड काढा, खऱ्या चेहऱ्यावर फेस लावा, चेहरा सैल सोडलेला असू द्या, आणि डाव्या हाताला त्याचं काम करू द्या. आधी हाताकडे बघून, मग न बघता, मग पुन्हा बघून. चुकेल, चुकू द्या.

हे नाही म्हणाले. ती म्हणाली, "काका, हाताला विचारलंत का?" त्यावर त्यांना उत्तर सुचलं नाही, आणि आमच्या घरात उत्तर सुचलं नाही की होकार समजतात.

नेहमीची मंडळी भरपाई करायला धावत आली. वेळ दुपारची, दुकान बंद असतानाची. पहिले पोस्टमास्तर बसले. फेस लागला, बिनब्लेडचा वस्तरा गालाजवळ आला, आणि गाल टम्म. बोटंवाली म्हणाली, सैल सोडा. ते म्हणाले, सोडलाय. म्हणेपर्यंत पुन्हा टम्म. टॅक्सीवाल्याचं तेच. कुलूपवाल्याने गाल हाताने दाबून धरला, तर वस्तरा दुसरीकडून येताच दुसरा फुगला. माणसं घामाघूम झाली, गाल ऐकेनात. पोस्टमास्तर खालच्या आवाजात म्हणाले की हल्ली घरी चमचा तोंडाजवळ आला तरी होतं, बायको विचारते जेवण आवडलं नाही का. बोटंवाली कौतुकाने बघत होती. म्हणाली, एकदा अंगात मुरलं की विचारून होत नाही, आपोआप होतं. आता हे विसरवायला शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतील. म्हणजे मी सगळ्या रस्त्याला पक्कं तयार केलं होतं. माझ्या शिकवण्याला कुणी नावं ठेवू नयेत.

थोरल्याने झुबकेदार दाढी राखली आहे. न्हाव्याचा मुलगा, आणि ती उतरवायची म्हटल्यावर दोन पावलं मागे सरला. बोटंवालीला तिच्या दवाखान्याचे नियम. सूनबाईला गुदगुल्या होतात. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी उभ्या जन्मात त्या खुर्चीत बसले नव्हते. माझी जागा स्टुलावर, जिथून सगळं दिसतं आणि सगळ्यांना बोलता येतं. मी सांगितलं, बायकांची दाढी करतात का कुठे? बोटंवाली म्हणाली, दाढी नाही आजी, नुसता गाल हवा. सैल, मऊ, भरपूर सुरकुत्यांचा. म्हणजे ताणायला हाताला काम पुरेल. शेवटचं वाक्य तिने फार गोड आवाजात म्हटलं. ह्यांनी तोंड फिरवलं, पण आरशात मला दिसलं, ते हसत होते. बऱ्याच दिवसांनी. मी शटर अर्ध्यावर ओढायला लावलं आणि जाऊन बसले.

फेस गार असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि बोलायचं नाही. तोंड हललं की सराव बिघडतो. थोरला म्हणाला, बाबा, हात बरा झाला नाही तरी हा उपाय चालू ठेवू. मी त्याला डोळ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं.

पहिल्या दिवशी तो डावा हात माझ्या गालावर ओल्या टॉवेलासारखा येऊन पडला. अंगठा नाकपुडीत. बोटंवाली म्हणाली, न बघता सांगा काका, अंगठा कुठे आहे. हे म्हणाले, कानाजवळ. मी नाकातून गुरगुरले. त्यांनी पाहिलं, त्यांना धक्का बसला, आणि बोटंवाली म्हणाली, छान, हे लक्षात ठेवा, नाक असं लागतं. दुसऱ्या दिवशी डोळ्यात गेला. मग एकदा असा दाबला की कवळी असती तर निघाली असती. माझे दात अजून माझेच आहेत. रोज चूक, रोज पाहणं, रोज पुन्हा. गाल फुगवायचा मला मोह झाला नाही असं नाही. हात घसरताना कळायचं, आणि जरासा आतून टेकू दिला की काम झालं असतं. मी नाही दिला. मला काहीच न करता बसायला लागलं, आणि त्याहून मोठं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

आणि मग तो हात हळूहळू हलका होत गेला. आधी टॉवेल होता, मग हात झाला. गाल धरताना आधी टेकायचा, थांबायचा, अंधारात जिना उतरताना पाय पुढची पायरी चाचपतो तसा, आणि मग ओढायचा. ह्यांची नजर आरशात उजव्या हातातल्या वस्तऱ्यावर असायची, आणि डावा आपला वाट शोधत असायचा.

महिनाअखेरीची दुपार. थोरला आपली खुर्ची पुसत होता. मोबाइल काखेत दाबलेला, संध्याकाळी कारागिराला नक्की काय ते कळवायचं होतं. बोटंवाली बाकावर. बिनब्लेडचा वस्तरा गालावरून उतरला, जबड्यावरून वळला, हनुवटीखाली गेला. डावा हात त्याच्या मागून तपासत आला आणि हनुवटीच्या खाली, जरा डावीकडे, थांबला. एक बोट मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. पुन्हा मागे. ह्यांचे डोळे खिडकीबाहेर गेले होते, हे मी आरशात पाहिलं.

"इथे एक केस आहे," हे म्हणाले.

तो केस आहे हे जगात मला एकटीला ठाऊक. न्हाणीघराची कडी लावून, चिमटा घेऊन, कुणाला संशय येणार नाही असा मी त्याचा दर आठवड्याला बंदोबस्त करते. ह्या व्यायामाच्या गडबडीत आठवडा चुकला होता.

बोटंवाली उठून आली, वाकली, चष्मा सावरला आणि म्हणाली, काही दिसत नाही. फेस पुसला, खिडकीच्या उजेडात माझी हनुवटी धरली, तेव्हा तिला दिसला. पांढरा, एवढासा, नुकता डोकं वर काढलेला. तिने ह्यांना डोळे मिटायला लावले आणि हात बाजूला नेऊन पुन्हा आणायला सांगितलं. बोट चाचपत आलं, जरा चुकलं, वळलं, आणि त्यावर येऊन बसलं.

"कडक आहे," हे डोळे मिटूनच म्हणाले. "आणि शेजारी दुसरा उगवतोय."

थोरल्याकडून सूनबाईच्या कानावर आता हे किती वेळात जाणार, आणि तिच्याकडून रस्त्यावर किती वेळात, ह्याचा हिशेब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला. लाज वाटली की राग आला की काय झालं, ते मी अजून ठरवलेलं नाही. ह्यांनी डोळे उघडले होते आणि ते माझ्या हनुवटीकडे नाही, आपल्या बोटाच्या टोकाकडे बघत होते. लांबच्या गावाहून आलेल्या पत्राकडे बघावं तसे.

"ब्लेड लाव," मी थोरल्याला म्हटलं. "आणि त्या कारागिराला कळव, खिडकीजवळची खुर्ची रिकामी नाही. यायचंच असेल तर तिसरी आणू."

थोरल्याने वडिलांच्या हाताकडे पाहिलं, मग बोटंवालीकडे. ती म्हणाली की पूर्वीसारखं भरभर होणार नाही, एका दाढीला दोन दाढ्यांचा वेळ लागेल, आणि पिशवीतला सराव सोडायचा नाही. ह्यांनी मान डोलावली आणि माझ्या हनुवटीला पुन्हा फेस लावला. थोरल्याने नवं ब्लेड काढलं, वस्तऱ्यात बसवलं आणि वस्तरा वडिलांच्या उजव्या हातात दिला. मी म्हणायला गेले की जरा जपून, माझी हनुवटी एकच आहे.

"बोलू नकोस," हे म्हणाले, "वस्तरा उघडा आहे." डावा हात माझ्या जबड्यावर टेकला, थांबला, आणि त्याने कातडी अगदी हवी तेवढी ताणली.